बोटावर उरलेलं

वरणभात भरवून झाल्यावर समिधानं ओल्या फडक्यानं रूपलचं तोंड पुसलं, गळ्याच्या वळीत अडकलेलं शीत काढलं, आणि फडकं खाली ठेवायच्या आत पोरीनं ते तिच्या हातातून ओढलं. चोखायला घेतेय असं तिला वाटलं. पण रूपल मांडीवर उभी राहिली, एका हातानं आईचा कान धरला आणि दुसऱ्या हातानं ते वरणाच्या वासाचं फडकं आईच्या डोळ्याखाली घासू लागली. "शी," ती म्हणाली. मग दुसऱ्या डोळ्याखाली. "शी, शी." काळं दिसलं की पुसायचं, हे तिला आईनंच शिकवलेलं. समोर सोफ्यावर सासूबाई बसल्या होत्या, पालघरजवळच्या माहीमहून सकाळच्या गाडीनं आलेल्या, पायाशी केळफुलांची आणि नारळांची पिशवी. त्या पोट धरून हसल्या. समिधाही हसली. मग पंखा बंद केल्यावर पाती जशी थांबत जातात तसं सासूबाईंचं हसू थांबत गेलं, आणि नातीकडे बघायचं सोडून त्या सुनेकडे बघत राहिल्या.

"तिला पण दिसतंय बघ," त्या म्हणाल्या.

पुढं त्यांनी जे सांगितलं त्यात राग नव्हता. राग असता तर समिधाला काहीतरी उलट बोलता आलं असतं. त्यांच्या आवाजात नुसती काळजी होती, आणि काळजीला उलट बोललं की बोलणाराच वाईट दिसतो. तुझे डोळे पार आत गेलेत, त्या म्हणत होत्या, दीड वर्ष झालं, बाळंतपणाचं कारण आता किती दिवस सांगशील. पोरीला मी वाडीत घेऊन जाते, पाऊस सुरू होईपर्यंत राहील, आजोबांच्या मागे नारळीखाली फिरेल, तू जरा झोप काढ. समिधा नको म्हणाली. पुन्हा नको म्हणाली. प्रणव टीव्हीचा आवाज कमी करून "बघू ना आई" म्हणाला, तो सगळ्यालाच म्हणतो तसं. सासूबाई निघताना चपलेत पाय सरकवत म्हणाल्या, "पुढल्या खेपेला येईन तेव्हा बघेन. तवर तोंड सुधारलं तर ठीक. नाय तर नेतेच मी पोरीला. तुज्यासाठीच सांगते गो बाय." आणि दाराशी वाकून त्यांनी रूपलचा असा मुका घेतला, जसा घेऊन जायच्या वस्तूवर आधीच हात ठेवून बघावा.

त्या गेल्यावर समिधा बाथरूममधल्या आरशासमोर उभी राहिली. दोन्ही डोळ्यांखालचं काळं सारखं नव्हतं. डावीकडचं खोल होतं, नाकाकडून सुरू होऊन गालाच्या हाडापर्यंत उतरलेलं. उजवीकडचं फिकट, जांभळट, पिकून खाली पडलेल्या जांभळाचा डाग फरशीवर राहतो तसं. ती इथं कधी आली, ही बाई? कॉलेजमध्ये केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला चष्मा लावून उभी असलेली, एडवणहून रोज पालघरला येणारी, नंतर औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात पांढरा कोट घालून बसणारी समिधा हिच्या मागं कुठंतरी असेल तर तिनं पुढं यावं असं तिला वाटलं. कोणी आलं नाही. रूपल दारावर थापा मारत होती.

झोपत नव्हती हे खरं होतं. पण का झोपत नव्हती ते तिनं सांगूनही कोणी ऐकलं नव्हतं. त्यांची इमारत बोईसरच्या पश्चिमेला, गॅलरीतून औद्योगिक वसाहतीची धुराडी दिसायची, आणि अंधार पडला की तिकडून वास यायचा. कधी सडलेल्या लसणीसारखा, कधी गोड, केळी काळी पडल्यावर येतो तसा, कधी नुसताच तिखट, नाकाच्या आत वरच्या बाजूला जाऊन बसणारा. ती नोकरीत होती तेव्हा वासांना नावं होती, बाटल्यांवर चिठ्ठ्या होत्या. आता बाटल्या नव्हत्या, नुसते वास होते. रूपल पोटात असताना वसाहतीत कुठंतरी स्फोट झाला होता, काचा थरथरल्या होत्या, आणि सगळी इमारत जिन्यात उभी होती; शेजारच्या एका बाईनं कुकर हातात घेतला होता, का ते तिलाही सांगता आलं नाही. तेव्हापासून समिधा राखण करायची. प्रणव रात्रपाळीला गेला की खिडक्या लावायची, फटींत ओली फडकी कोंबायची, मग कोंडलं तर पोरीला श्वास कसा पुरेल म्हणून एक खिडकी उघडायची, आणि त्या खिडकीपाशी नाक ठेवून बसायची. वास वाढला तर पोरीला उचलून कुठल्या बाजूला पळायचं ते तिनं वाऱ्याप्रमाणे ठरवून ठेवलं होतं. प्रणव सकाळी येऊन म्हणायचा, मी आख्खी पाळी त्याच्या पोटात उभा असतो, मला काही होत नाही, तुला चार मजले वर वास येतो. कुणाच्या नाकाला किती येतं हे मोजता येत नाही. काळं मात्र सगळ्यांना दिसत होतं.

तेव्हा काळंच घालवायचं, असं तिनं ठरवलं. झोप आपल्या हातात नाही, वारा आपल्या हातात नाही, चेहरा तरी असेल. खाली तळमजल्यावर मोनालीचं ब्यूटी पार्लर होतं. मोनाली भुवया कोरताना दोरा दातात धरूनच बोलायची. तिनं समिधाला खुर्चीत मागं रेलवलं, दिवा जवळ ओढला, बोटानं डोळ्याखालची कातडी एकदा दाबली, एकदा बाजूला ओढली, आणि वैद्यासारखं हुं केलं. दाबल्यावर जातंय म्हणजे निम्मं रक्ताचं आहे, ओढल्यावर जात नाही म्हणजे निम्मं रंगाचं, आणि खड्डा आहे तो वेगळाच. काकडी-बटाटा विसर, ती म्हणाली, कोरियन घे. कोरियातल्या बाया पन्नाशीतही लग्नाच्या दिसतात, आपण लग्नातच पन्नाशीच्या दिसतो. समिधा हसली, बऱ्याच दिवसांनी. आणि हसताना डोळ्याखाली पडलेल्या सुरकुतीवर मोनालीनं लगेच बोट ठेवलं. "ही बघ," ती म्हणाली. "हिच्यासाठीपण तेच."

मग दुपारी रूपल झोपली की समिधा मोबाइल घेऊन बसू लागली. काचेसारख्या गालांच्या मुली तिच्याशी अनोळखी भाषेत बोलायच्या आणि खाली अक्षरं पळायची. किती प्रकार होते. जिनसेंगच्या मुळीचं, तांदळाच्या पाण्याचं, हिरव्या चहाचं, डोळ्याखाली चंद्रकोरीसारखे चिकटवायचे ओले तुकडे, गार धातूच्या टोकाची नळी. आणि गोगलगायीच्या चिकाचं. ते वाचताना तिच्या पाठीवरून काहीतरी सरकत गेलं. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात सासूबाई तिला पानवेलींत घेऊन गेल्या होत्या, हातात मिठाची वाटी. पानवेल खाणाऱ्या गोगलगायींवर चिमूट चिमूट मीठ टाकत त्या पुढं चालल्या होत्या, गप्पा मारत, कुणाच्या पोरीचं कुठं जमलं ते सांगत, आणि त्यांच्या मागं ओल्या मातीवर फेस होत होता. समिधा तेव्हा नव्या साडीचा काठ सावरत त्या फेसावरून पाय टाकत गेली. आता तोच चीक ती डबीत भरून डोळ्याला लावणार? नाही. तिनं मोबाइल उलटा ठेवला. मग पुन्हा सुलटा केला.

शेवटी तिनं निवडलं ते जिनसेंगचं, अ जीवनसत्त्वाचा अंश घातलेलं. निवडताना तिनं जुन्या सवयीनं घटकांची यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. अंगावर दूध पाजणाऱ्यांनी वापरू नये असं होतं. रूपलचं दूध दिवाळीतच सुटलं होतं. बाजारात नकली माल फार, म्हणून डबी आल्यावर तिनं झाकणाखालचं सील, चमकती पट्टी, तळाचा क्रमांक सगळं कंपनीच्या संकेतस्थळावर ताडून बघितलं. आतल्या पातळ कागदावर सगळं कोरियन होतं. मोबाइलचा कॅमेरा त्याच्यावर धरला तेव्हा अक्षरं थरथरली आणि मराठी झाली: योग्य प्रमाण घ्या आणि डोळ्यांच्या प्रदेशात हळुवार शोषण करा. प्रदेश हा शब्द तिला आवडला. तिथं राहायला जाता येईल असा. आधी तिनं कोपराच्या आत थोडं लावून बघितलं, पट्टी बांधून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी तिथली कातडी उन्हात धरून न्याहाळली. काही नव्हतं. तपासणी विभागात एखादा नमुना उत्तीर्ण झाला की जे हलकं वाटायचं तेच तिला वाटलं.

मोनालीनं सांगितलं होतं की करंगळीच्या शेजारच्या बोटानं लावायचं, कारण त्या बोटात जोर नसतो. तांदळाच्या दाण्याएवढं घ्यायचं, ठिपके द्यायचे, पापणीपासून लांब राहायचं, चोळायचं नाही, थोपटायचं. संध्याकाळी दिवा लावून झाला, प्रणव डबा घेऊन बाहेर पडला, की समिधा कपाटाच्या आरशासमोर चटईवर बसायची, आंघोळ घातलेली रूपल मांडीत. पोरीच्या केसांना पावडरीचा वास. डबी उघडली की एक थंड, मातीसारखा, जरा कडवट वास यायचा, आणि हा एक वास असा होता की ज्याची तिला भीती नव्हती. थोप, थोप, थोप. रूपल आरशातल्या आईकडे बघायची, मग मान वर करून खऱ्या आईकडे. तेवढी दोन-चार मिनिटं समिधाच्या मनात काही नसायचं. बाहेर वारा कुठल्या दिशेचा आहे हेही नसायचं. आईची आठवण यायची, एडवणच्या घराच्या पडवीतली. ती अशीच संध्याकाळी बसायची, एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ डबीत खरवडून, आधी आपल्या डोळ्यांत बोट फिरवायची आणि मग जवळ बसलेल्या समिधाला ओढून घ्यायची. बोटावर उरलेलं धुवायचं नाही, फडक्याला पुसायचं नाही, ते पोराचं असतं, असं त्यांच्याकडे सगळ्या बाया मानत. आईला लावलेल्यातलं उरलेलं पोराला लागलं की आईवरची नजर पोरापर्यंत पोचत नाही. डोळ्याच्या कडेला एक, गालावर एक, कानामागं एक. आईच्या बोटाचं खरखरीत टोक तिला अजून कानामागं जाणवायचं. रूपलला काजळ लावायचं नाही असं डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं आणि समिधानं ते कडक पाळलं होतं, सासूबाईंचे टोमणे खाऊन. स्वतःही लावणं सोडलं होतं. डोळ्याखाली एवढं असताना आणखी वर कशाला.

आणि फरक पडत होता. पडत होता का? सकाळच्या उजेडात ती मोबाइलवर रोज फोटो काढायची, एकाच जागी उभी राहून. जांभळट कडा जरा आत सरकल्यासारखी वाटायची. मोनालीनं जिन्यात थांबवून सांगितलं, अगं दिसतंय, चालू ठेव. प्रणवला विचारलं तर तो म्हणाला, कशात फरक? सासूबाईंची खेप जवळ येत चालली होती.

मग एका सकाळी रूपलचा उजवा डोळा उघडेना. खालची पापणी फुगलेली, डोळ्याच्या कडेपासून गालाच्या उंचवट्यापर्यंत लाल, आणि त्या लालावर कातडी भाजल्यासारखी बारीक सुटलेली. पोरगी मूठ डोळ्यात घालून चोळत होती आणि चोळून रडत होती. समिधानं तिच्या मुठी धरून ठेवल्या. पण भीतीच्या तळाशी, तिला लाज वाटली तरी, एक थंडगार समाधान होतं: मी म्हणत होते. रात्री वास होताच. गोड वास, कुजलेल्या केळ्यांचा. तिनं प्रणवला पाळी संपायच्या आत फोन केला आणि तो धावत आला, पोरीचा डोळा बघितला, आणि लग्नानंतर पहिल्यांदा तिच्याकडे असं बघितलं की जणू ती इतके दिवस कुठल्यातरी अनोळखी भाषेत बोलत होती आणि आत्ता त्याला अर्थ लागला. त्यानंच माहीमला कळवलं. सासूबाई दुपारच्या आत दारात होत्या, या वेळी पिशवीशिवाय.

डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. काही लावलं होतं का, त्यांनी विचारलं. समिधा ठामपणे नाही म्हणाली. काजळसुद्धा लावत नाही, तुम्हीच सांगितलं होतंत. सासूबाई म्हणाल्या, हवा हो डॉक्टर, दुसरं काय, ही केव्हाची ओरडतेय, आमी कुणी मनावर घेतलं नाय. डॉक्टर ड्रॉप्स लिहिता लिहिता मान हलवत राहिले, इथं राहायचं म्हणजे काय बोलणार, कातडी नाजूक, काही दिवसांत जाईल, जमलं तर हवापालट करा. हवापालट. तो शब्द खोलीत पडला आणि कुणाला उचलायची गरज उरली नाही. रिक्षात रूपल आजीच्या मांडीवर झोपली होती. उद्या सकाळी धीरज गाडी घेऊन येईल, असं प्रणव म्हणाला. धीरज त्याचा चुलतभाऊ. समिधानं नको म्हणायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की हवा वाईट आहे हे तर तीच सगळ्यांना सांगत आली होती. आता नको म्हणायचं तर कशाच्या जोरावर?

संध्याकाळी आतल्या खोलीत सासूबाई पोरीचे कपडे काढून घड्या करत होत्या. प्रणवनं रजा टाकली होती, तो बाहेर मोबाइलवर कुणाला तरी हवेबद्दल सांगत होता, तिचीच वाक्यं, तिच्याच शब्दांत. समिधा आरशासमोर बसली. बसायची वेळ झाली म्हणून बसली. उद्यापासून कुणासाठी हा प्रश्न तिला तेव्हा पडला नाही. रूपल दिवसभर रडून गुंगल्यासारखी मांडीत पडलेली. समिधानं डबी उघडली, दाण्याएवढं घेतलं, थोप थोप केलं, डावीकडे, मग उजवीकडे. डोक्यात दुसरंच चाललं होतं, झबली सुती घ्यायला हवीत, माहीमला डास असतात. आणि तेवढ्यात आरशात तिला एक हात दिसला. तो हात खाली उतरत होता, करंगळीशेजारचं बोट जरा पुढं काढून, अगदी सावकाश, रोजच्या वाटेनं चालणाऱ्या माणसासारखा. तो पोरीच्या उजव्या डोळ्याच्या कडेशी निघाला होता. तिथं, जिथं लाल होतं. बरोबर तिथं. हात तिचा होता.

तिनं तो हवेत थांबवला. बोटाच्या टोकावर चमकणारं, उरलेलं.

किती दिवस? पहिल्यापासून. प्रत्येक संध्याकाळी. डोळ्याच्या कडेला, मग गालावर. उजव्याच बाजूला, कारण पोरगी मांडीत आरशाकडे तोंड करून असायची आणि बोट उजव्या हाताचं होतं. कानामागं सुद्धा असणार; तिनं रूपलचा कान हळूच पुढं वळवला आणि मागं तो होता, एवढासा लालसर ठिपका, तिखटाच्या बोटासारखा. घटकांची यादी तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती. कोपराच्या आत पट्टी बांधून बघितलं होतं. तिनं सगळी तपासणी केली होती आणि हाताला कोणी तपासलं नव्हतं. पोरीला चटईवर ठेवून ती उठली, बेसिनवर गेली, साबणानं बोट धुतलं, पुन्हा धुतलं, आणि तशीच ओल्या हातात डबी घेऊन आतल्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"आई, हे हवेनं नाही झालं," ती म्हणाली. "माझ्या क्रीमनं झालंय. लावून झालं की उरलेलं मी तिला लावत होते. काजळासारखं. मला कळतसुद्धा नव्हतं."

सासूबाईंनी झबलं खाली ठेवलं. डबी तिच्या हातून घेतली, वास घेतला, थोडं मनगटाला लावून चोळलं. "हे डोळ्यालाच लावायचं ना?"

"हो, पण मोठ्यांच्या. लहानांची कातडी—"

"मग डोळ्याला लावायच्या वस्तूनं डोळा कसा येईल?" त्यांनी डबी बंद करून तिच्या तळहातावर परत ठेवली आणि वरून आपला हात दाबला. तो हात ऊबदार होता. "तू किती दिवस झोपली नायस गो. झोप नसली की सगळं आपल्यावरच घ्यावंसं वाटतं. प्रणवला गोवर आला तेव्हा मला वाटलेलं मीच कायतरी खाल्लं म्हणून आला. आयांना असं होतं."

प्रणव दारात आला होता. समिधानं त्यालाही तेच सांगितलं, या वेळी नीट, शास्त्र सांगावं तसं, अंश किती, परिणाम काय, कानामागचा ठिपका. तो ऐकत होता. ती जितकं नीट सांगत गेली तितका त्याचा चेहरा मऊ होत गेला, आणि त्या मऊपणाची तिला भीती वाटली.

"तूच म्हणत होतीस ना, हवा खराब आहे."

"हवा खराब आहेच. पण हे हवेनं नाही झालं."

"एकदा काय ते ठरव, समिधा," तो म्हणाला. रागानं नाही, हसल्यासारखं, दमलेल्या पोराला समजवावं तसं.

दोन्ही खरं होतं. पण दोन्ही एकदम धरायला त्या घरात कुणाचा हात मोकळा नव्हता. सिद्ध करता येईल का, असं तिच्या मनात आलं. तपासणी विभागात हेच करायचे, शंका आली की पुन्हा लावून बघायचं. दुसऱ्या गालाला. एवढंसं. सकाळपर्यंत सगळ्यांना दिसेल. हा विचार पुरा व्हायच्या आत तिनं डबी दूर ठेवली, उंच, कपाटाच्या वरच्या फळीवर, जणू विचार त्या डबीतून आला होता. मग ती सासूबाईंना कपड्यांच्या घड्या घालू लागली. सुती झबली वेगळी काढली.

सकाळी धीरजची गाडी आली. रूपलला गाडीत बसायला फार आवडायचं. तिनं एका डोळ्यानं आईकडे बघितलं आणि काचेवर पंजा ठेवून टाटा केला, आईनं शिकवल्याप्रमाणे, बोटं आत मिटून. गाडी वळणावर गेली तेव्हा समिधाच्या हातात दूधबाटलीचं झाकण राहिलं होतं. ती ते घेऊन धावली नाही. माहीमला झाकणं मिळतात.

त्या दिवशी प्रणव पुन्हा पाळीला गेल्यावर तिनं ठरवलं की झोपायचं नाही. पोरगी नव्हती, राखायचं काही नव्हतं, तरी खिडकीपाशी बसायचं. वास येईल, ती लिहून ठेवेल, दाखवेल. ती नुसती जरा टेकली होती. दार कुणीतरी बडवत होतं तेव्हा उजेड पार पलंगाखालपर्यंत आला होता. प्रणव बाहेर उभा होता, कितीतरी वेळ घंटा वाजवत. गालाखालची उशी ओली होती. रात्री वास होता की नव्हता हे तिला कधीच कळणार नव्हतं. ती दुपारीही झोपली. दुसऱ्या रात्रीही. झोप तिच्यावर आली ती चोरासारखी नाही, हक्काच्या पाहुण्यासारखी, सामानासकट. तिनं चहा प्यायला, तोंडावर पाणी मारलं, उभं राहून बघितलं. शरीर तिचं ऐकेना. इतके दिवस ते तिच्या बाजूनं होतं असं तिला वाटत होतं. आणि त्या आठवड्याच्या शेवटी, डबीला हातही न लावता, आरशात तिच्या डोळ्यांखालचं काळं ओसरत गेलं. ओहोटीला माहीमच्या खाडीतलं पाणी हटतं आणि खालचा सपाट चिखल उजेडात दिसतो, तसा गाल दिसू लागला. प्रणव पोहे खाता खाता म्हणाला, तुझं ते क्रीम चाललं की. तिनं कांदा चिरणं चालू ठेवलं.

रविवारी माहीमला निघताना ती आरशासमोर बराच वेळ थांबली. अशी गेले तर त्या म्हणतील, बघ, पोरगी इथं आहे म्हणून सुधारलीस. डोळ्याखाली काजळ फासून, ओढलेलं तोंड घेऊन गेले तर म्हणतील, अजून तुला आरामच हवा. तिनं दोन्ही चेहरे मनात धरून बघितले, एकामागून एक, आणि कुठल्याही चेहऱ्यानं पोरगी परत येत नव्हती. शेवटी तिनं नुसता पंच्यानं चेहरा पुसला आणि रूपलचे कपडे परत आणायला म्हणून एक मोठी रिकामी पिशवी घडी करून पर्समध्ये घातली.

वाडीच्या तोंडाशी सासूबाई सुपारी सोलत बसल्या होत्या. त्यांनी हात पदराला पुसले, उठल्या, समिधाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, इकडून, मग तिकडून. "अहो, बघायला या," त्यांनी सासऱ्यांना हाक मारली, "सूनबाईचं तोंड कसं फुललंय." सासरे, विश्रामभाऊ, नारळीच्या आळ्यात पाणी सोडत होते; बोलायला कमी, ते नळी हातात धरूनच हसले. रूपल त्यांच्या मागं चिखलात बसली होती. तिनं आईला ओळखलं, हसली, हात वर केले; समिधानं उचलली तर तिच्या अंगाला पाण्याचा, मातीचा वास. डोळा उघडा, स्वच्छ, गालावर काही नाही. थोडा वेळ खांद्यावर राहून पोरगी वळवळू लागली, खाली पाण्याकडे हात करत. समिधानं तिला जरा घट्ट धरलं. मग सोडलं.

जेवताना तिनं विषय काढला. डोळा तर बरा झालाय, मी ते क्रीमच सोडलं, आता तसं काही होणार नाही. सासूबाई तिच्या पानात भात वाढत ऐकत होत्या. "तुज्या डबीचं कुठं घेऊन बसलीस," त्या म्हणाल्या. "तिचा डोळा सुधारला, तुजे डोळे सुधारले. दोघींचं बरं चाललंय. पावसापर्यंत राहू दे ना बाय." आणि समिधानं प्रणवकडे बघावं तर प्रणव नव्हताच, रात्रपाळी करून घरी झोपला होता, तो असता तरी काय म्हणाला असता ते तिला ठाऊक होतं.

निघताना पर्समधून रुमाल काढला त्याच्याबरोबर ती घडी केलेली पिशवी बाहेर आली. सासूबाईंनी ती लगेच उचलली, झटकली. बरं केलंस पिशवी आणलीस ते, म्हणत त्यांनी तीत केळ्यांचा फणा ठेवला, वर चिकू, त्याच्यावर पानात गुंडाळलेलं ओलं खोबरं, आणखी एक फणा. पुरे आई, समिधा म्हणत राहिली, जड होईल. बसायला मिळतं या वेळेला, त्या म्हणाल्या, मांडीवर ठेव.

एसटीत खरंच जागा होती. खिडकीजवळ बसून तिनं पिशवी मांडीवर घेतली, पडू नये म्हणून दोन्ही हातांनी कवटाळली. गाडी हलली, वाड्या मागं सरकू लागल्या, पालघरच्या रस्त्याला लागताच खिडकीतून गार वारा आला, कसलाच वास नसलेला. डोळे जड होऊ लागले. नको, असं ती मनात म्हणाली, आता नको. तिनं मान ताठ केली, बाहेरची घरं बघू लागली, पण पापण्या खाली येत होत्या. पिशवीवर हनुवटी टेकली, आणि पहिल्या थांब्याच्या आत तिला झोप लागली.